बनाक्काच्या दारी आलेलं झाड

हिंदुराव सुताराला दुपारी झोप लागत नाही, चीड लागते. भाकरी खाऊन तो दुकानातल्या फळ्यांवर आडवा होतो, टॉवेल तोंडावर ओढतो आणि टॉवेलाखाली एकेकाला धारेवर धरतो. आज पहिली पाळी रस्त्याच्या ठेकेदाराची आहे, त्याच्यामागे वखारवाल्याची आणि सगळ्यात शेवटी स्वतःच्या नाकाची.

कारण असं, की फाट्यावर, त्याच्या दुकानाच्या अगदी दारात एक झाड मरून पडलंय आणि त्याचं नाव कुणालाही सांगता येत नाही.

झाड कसलं, नुसता बुंधा. नव्या रस्त्याच्या कामात कुठं तरी तोडला, यंत्रानं फरफटत आणला आणि इथं टाकून दिला. फांद्या वाटेतल्या लोकांनी जळणाला नेल्या, साल ओढता ओढता सोलून निघाली. ओळख पटायला एक पान म्हणून शिल्लक नाही. कापलेल्या तोंडावर तांबड्या ऑइलपेंटनं एक आकडा ओढलाय, तेवढीच काय ती त्याची ओळख. उन्हं कलली की ट्रक येणार आणि हा ऐवज वीटभट्टीत जाणार. ठेकेदाराचा मुकादम सकाळी म्हणाला होता, पाहिजे तर जळणाच्या भावात सोडतो, पण ट्रक यायच्या आत सांगा. सांगायचं काय, हाच तर घोळ आहे.

तुम्ही म्हणाल, एवढा मोठा बुंधा जळणाच्या भावात मिळतोय तर घेऊन टाकावा, डोकं कशाला पिकवावं. ते इतकं सोपं असतं तर हिंदुराव टॉवेलाखाली धुमसत पडला नसता.

त्याची लेक शालन दोन पावसाळ्यांमागे सासर सोडून आली. तिथं तिच्या अंगावर हात उठत होता, म्हणून आली. आल्यावर रडत बसली नाही. म्हणाली, अण्णा, मला लाकडी घाणा करून द्या, मी तेल काढून विकते. हिंदुरावाचा जन्म दारं-खिडक्या आणि बैलगाड्या करण्यात गेलेला, घाणा त्यानं कधी केला नव्हता. तरी चार ठिकाणी विचारून, शिरीष चांगला म्हणतात म्हणून, त्यानं वखारीतून शिरीष आणला. उखळ कोरलं, त्यात फिरायचा जाड दांडा, म्हणजे लाट, केली, मोटार जोडली. पहिले काही दिवस तेल झकास निघालं. पावसाळा लागला आणि लाकूड फुगलं, कुसळं सुटली, तेलाला कुबट वास यायला लागला. तेही शालननं सांगितलं तेव्हा त्याला कळलं, कारण कोरोनाच्या आजारात त्याचं नाक गेलं ते परत आलंच नाही. गावातल्या बायांनी तेलाच्या बाटल्या आणून मुकाट्यानं पायरीवर ठेवल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग शोध लागला, की वखारवाल्यानं शिरीष म्हणून दिला तो शिरीष नव्हताच. आपल्याकडे सडकेच्या कडेला छत्रीसारखी पसरलेली ती गुलाबी फुलांची परदेशी झाडं असतात ना, रेनट्री, त्यांनाही लोक बेधडक शिरीषच म्हणतात. म्हणणाऱ्याचं काय जातं. खरा शिरीष वेगळा, त्याचं लाकूड तेलात वर्षानुवर्षं टिकतं. दोन्हीतला फरक फुलात कळतो, शेंगेत कळतो. नुसतं तपकिरी, ओलं लाकूड पुढ्यात टाकलं तर भले भले गोंधळतात. वखारवाला निर्लज्जपणे म्हणाला, आमच्यात ह्यालाच शिरीष म्हणतात.

आता शालननं शेवटचं सांगितलंय. घाणा यंदा उभा राहिला तर ठीक, नाहीतर ती नांदायला परत जाणार. त्याच घरात. बापाच्या भाकरीवर किती दिवस बसू, असं ती म्हणाली आणि वर त्याचीच समजूत घातली, की होईल सगळं नीट. ते नीट होणार नाही हे दोघांनाही माहीत आहे.

म्हणून तो सकाळपासून त्या बुंध्याभोवती फिरतोय. ठोकून बघितलं, ढलपी चावून बघितली, पाण्यात टाकून बघितली. आधी नाकानं एका हुंगण्यात लाकूड ओळखायचा, आता नाक म्हणजे नुसतं चष्मा टेकवायला. चहाच्या टपरीवरचे सगळे येऊन सल्ला देऊन गेले. एक म्हणाला शिरीष, दुसरा म्हणाला रेनट्री, तिसरा म्हणाला दोन्ही एकच की. शालननं मोबाइलवर फोटो काढला, तर मोबाइल बुंध्याच्या एका टोकाला बाभूळ म्हणाला आणि दुसऱ्या टोकाला अक्रोड. या मुलखात अक्रोड कुणाच्या आज्यानं लावला होता, असं हिंदुराव मोबाइललाच म्हणाला.

इतक्या वर्षांचं झाड आहे, कुणीतरी त्याच्या सावलीत बसलं असेल, कुणाची तरी पोरं त्याच्याखाली झोपवली असतील. तोडणाऱ्याला एवढं विचारता येऊ नये, की बाबा, तू कोण. टॉवेलाखाली त्याचा श्वास गरम होतो. बाहेर कुठं तरी रंधा चालल्यासारखा आवाज येतोय, खरं तर दुकानात दुसरं कुणी नाही. ऊन टॉवेलातून तांबूस दिसतं, मग पिवळं, मग तेलासारखं दाट. पाठीखालची फळी थंड लागते, शेणानं सारवलेली असावी तशी.

ती फळी नाहीच. तो ओट्यावर पडलाय, आणि ओटा बनाक्काचा आहे.

बनाक्का म्हणजे गावातली शेवटची घाणेवाली. तिचा बैल गेला, मागून तेलाची गिरणी आली आणि घाणा बंद पडला, तरी लोक तिला घाणेवालीच म्हणत. पोटी लेकरू नव्हतं, मागंपुढं कुणी नव्हतं, तोंड मात्र असं की अख्खी गल्ली दबून असे. शालन लहानपणी दिवस दिवस तिच्याकडे पडून असायची, घाण्याचं वेड तिथलंच. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बनाक्का गेली. हे हिंदुरावाला ठाऊक आहे. पण मेलेल्या माणसाला तोंडावर तसं म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून तो उठून बसतो आणि सदरा नीट करतो.

बनाक्का उंबऱ्यात बसली आहे. केस मोकळे, कोरडे, नारळाच्या शेंडीसारखे. डोळे तांबारलेले.

"कवाधरनं हाक मारतीया," ती म्हणते. "का कानबी गेलं नाकासंगं?"

तो म्हणतो, की दमलो होतो, जरा डोळा लागला होता.

"तुझा लागतोय. मला तीन रात्री डोळ्याला डोळा न्हाई."

आणि मग ती त्याला फैलावर घेते. तिथं म्हणे सगळं शांत असतं, भांडायलासुद्धा कुणी मिळत नाही, तिला तर पहिल्यांदा करमलंच नव्हतं. आता कुठं सवय झाली होती, तर वर कुणीतरी काहीतरी तोडतं आणि ते धाडकन खाली येऊन यांच्या दारात उभं राहतं. मागच्या खेपेला आख्खी आमराई आली होती, पलीकडच्या आळीतल्या लोकांना हलायला जागा उरली नाही. आणि आता हे. तुम्ही तोडून मोकळे होता, पुढं त्यानं जायचं कुठं याचा विचार कुणी करायचा, असं ती विचारते. हिंदुरावाला वाटतं, खरंच की, हे आपल्या ध्यानातच आलं नाही.

तो अंगणाकडे बघतो आणि मान वर करत जातो.

झाड उभं आहे. पाय मुळांसकट जमिनीत, डोकं आभाळात. पानं जवळजवळ गळालेली, आणि फांदी न् फांदी वाळल्या शेंगांनी लगडलेली. चपट्या, गव्हाच्या काडाच्या रंगाच्या, आतली एकेक बी वरून मोजता यावी अशा पातळ. वारा नाही तरी त्या वाजतायत. एक थांबते, दुसरी सुरू होते, मग सगळं झाड एकदम खुळखुळतं, दहा-वीस माणसं एकदम तक्रार करायला लागावीत तसं.

"ऐक," बनाक्का म्हणते. "तीन रात्री ह्येच."

हिंदुराव शेंगा निरखतो. रेनट्रीची शेंग काळपट असते, जाड, आत चिकट गर. गुरं खातात, पोरं चोखतात. ती वाजत नाही. वाजतो तो शिरीष. तो तोंड उघडणार एवढ्यात त्याला शंका येते. हा शिरीष आहे हे कबूल, पण दुकानाच्या दारात पडलाय तो हाच कशावरून? एकदा शिरीष म्हणून फसलेला माणूस आहे तो, स्वप्नातसुद्धा फसायची त्याला भीती वाटते.

तो झाडाला वळसा घालतो. मागच्या बाजूला, सालीवर, तांबड्या ऑइलपेंटनं तोच आकडा ओढलेला आहे.

बनाक्का पाठोपाठ येते. पदराचं टोक थुंकीनं ओलं करून आकडा घासायला लागते. रंग जात नाही. ती आणखी जोरानं घासते. हिंदुराव म्हणतो, आक्का, राहू दे, ऑइलपेंट आहे तो. तिचं घासणं थांबत नाही.

"माझाबी जाईना झालाय," ती म्हणते आणि मनगट पुढं करते. मनगटावर प्लॅस्टिकची पट्टी आहे, पट्टीवर आकडा.

आता अंगण लांबट झालंय. सारवलेली जमीन संपून गुळगुळीत फरशी लागली आहे, दोन्ही बाजूंना हिरवे पडदे. झाड तिथंच आहे, छताला न जुमानता वर गेलेलं. पांढऱ्या पोशाखातली तोंडं नसलेली माणसं ढकलगाड्या नेतायत, घाईत, एकामागून एक, आणि गाडीवर जे आहे ते पिशवीत आहे. कुणी कुणाला हाक मारत नाही. आकडा पुकारला जातो आणि गाडी पुढं सरकते. हिंदुरावाला आठवतं, त्या दिवशी तो स्वतः तापानं फणफणून घरात पडला होता आणि गल्लीच्या तोंडाशी बांबू आडवे बांधले होते. बनाक्काला नेलं हे गावाला दुसऱ्या दिवशी कळलं.

"आमास्नी येऊ दिलं न्हाई, आक्का."

"ठावं हाय मला." ती ढकलगाडीच्या दांडीला धरून उभी राहते. "तुझ्यावर न्हाई राग. कुणावर हाय त्येबी कळंना. पर हाय. जल्मभर गावाच्या डोसक्याला त्याल पुरीवलं म्या. न्हात्या-धुत्याला, बाळंतिणीला, मेलेल्याला. आन् मी जाताना माझ्या डोसक्यावर थेंब न्हाई. ही कोण, कुणाची, कुणी ईचारलं न्हाई. आकडा लिवला आन् ढकलली."

हिंदुरावाला एकाएकी भयंकर राग येतो, ठेकेदाराचा येतो त्याहून मोठा, आणि तो काढायला समोर कुणी नसतं म्हणून तो त्या हिरव्या पडद्यालाच हिसका देतो. पडदा निघून येतो. मागं पुन्हा अंगण आहे, आणि अंगणात घाणा.

घाणा कुठून आला हे कळत नाही. झाड जागेवरच आहे, शेंगा वाजतायत, तरी त्याच झाडाचं उखळही जमिनीत रोवलेलं आहे आणि त्याचीच लाट त्यात टेकली आहे. लाकडाचा रंग काळसर तपकिरी, कडेला पांढरी झालर, सकाळी त्यानं ढलपी काढल्यावर दिसला होता तस्साच. बनाक्काचा पवळ्या बैल डोळ्यांवर झापड बांधून जुवाला आहे. मागं हाकणारं कुणी नाही, तरी तो आपल्या चालीनं फिरतोय, उतरत्या वयाचा माणूस देवळाला प्रदक्षिणा घालतो तसा. लाट कुरकुरते. शेंगदाणे भरडले जाऊन उखळाच्या भिंतीला चिकटतायत आणि खालच्या पन्हाळीतून तेलाची धार लागली आहे.

आपण विचारायचं राहूनच गेलं हे हिंदुरावाच्या लक्षात येतं. तो तिच्याजवळ उकिडवा बसतो आणि शालनचं सगळं सांगतो. फुगलेलं लाकूड, पायरीवरच्या बाटल्या, नांदायला जायचं तिचं बोलणं. बनाक्का ऐकते. शालन परत जाणार म्हटल्यावर तिचा चेहरा असा होतो की पवळ्यासुद्धा क्षणभर थबकतो.

"आक्का, ह्येचा घाणा चालंल का?"

"चालंल का म्हंजे?" ती म्हणते. "डोळं फुटल्यात का? चालतोय न्हवं? चाखून बघ."

तो धारेखाली बोट धरतो आणि जिभेवर ठेवतो. नाक गेल्यापासून त्याला तेल आणि पाणी सारखंच लागायचं. हे मात्र लागतं. गोडसर, दाट, दाणा नुकताच फोडून दाताखाली धरावा तसं. कुबटपणाचा मागमूस नाही. तो पुन्हा बोट धरतो, पुन्हा चाखतो, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागतं. बनाक्का ते न बघितल्यासारखं करते.

मग ती त्याच्यापुढं बसते, पाठ करून, लहान पोर न्हायला बसतं तशी. मान खाली घालते.

"घाल," ती म्हणते.

आपण कोण घालणारे, असं त्याच्या मनात येतं. तो ना तिचा लेक, ना भाऊ. पण जो तो असंच म्हणत बसला म्हणूनच ती कोरडी गेली. तो ओंजळ भरतो आणि तिच्या टाळूवर धरतो. तेल सुटत जातं तसं कोरडे केस ते पीत जातात, एक थेंब खाली ओघळत नाही. तो पुन्हा भरतो. बोटांनी टाळू चोळतो, कानामागं, मानेवर. बनाक्काच्या खांद्यांतला ताण जातो, हे त्याला तळव्यांना कळतं. वर शेंगा एकेक करून गप्प होतायत. शेवटची एक कुठं तरी उंचावर थोडा वेळ वाजत राहते, मग तीही थांबते.

अंगणात इतकं शांत होतं की तेलाची धार ऐकू येते.

"आता त्येचं नाव सांग," बनाक्का म्हणते. तिचा आवाज झोपेनं जड झालाय.

"शिरीष."

"त्येला ऐकू जाईल आसं सांग. आकडा ऐकून आलंय त्ये बिचारं."

हिंदुराव उठून उभा राहतो, झाडाकडे तोंड करतो आणि छाती भरून त्याला त्याच्या नावानं हाक मारतो.

त्या हाकेनं तो स्वतःच जागा होतो. टॉवेल खाली पडलाय. दुकानात ऊन तिरपं आलंय आणि बाहेर ट्रकचं इंजिन घरघरतंय. तो उठायला हात टेकतो, तर हात फळीवरून सटकतो. तो तळवा उजेडात धरतो. तळवा तेलानं माखलाय. नखांत तेल आहे, मनगटापर्यंत ओघळ आला आहे आणि फळीवर जिथं हात पडला होता तिथं गोल डाग उमटलाय. दुकानात त्याच्याजवळ एक जळकं ऑइल असतं, मशीनला घालायचं, काळं. हे सोन्यासारखं पिवळं आहे.

तो अनवाणीच बाहेर येतो. बुंध्याभोवती साखळी आवळून झालीये, मुकादम ड्रायव्हरला मागं घे, मागं घे म्हणतोय. शालन शेजारी उभी आहे, बापानं काही सांगितलं नाही म्हणजे आता घाणा होत नाही असं समजून.

"न्यायचं न्हाई," हिंदुराव म्हणतो. "मी घेतलाय त्यो. शिरीष हाय."

मुकादम वैतागतो. दिवसभर विचारत होतो तेव्हा माहीत नव्हतं, आता ट्रक आल्यावर कुठून कळलं, कशावरून शिरीष, असं तो विचारतो. हिंदुराव सरळ बुंध्याच्या कापलेल्या तोंडाशी जातो. सुतारकामात तोडलेल्या लाकडाच्या तोंडाला तेल लावायची रीत आहे, नाहीतर ते उन्हानं तडकत जातं. हे काम ज्या दिवशी तोडलं त्याच दिवशी व्हायला हवं होतं, आणि ते कुणी केलं नाही. तो तळवा लाकडावर टेकवतो आणि चोळायला लागतो, मधल्या काळ्या गाभ्यापासून कडेच्या पांढऱ्या झालरीपर्यंत, तांबड्या आकड्यावरूनही. लाकूड तेल पीत जातं.

शालन जवळ येते. वाकते, वास घेते, आणि तिच्या कपाळावर आठी पडते.

"अण्णा, ह्ये घाण्याचं त्याल हाय. कुठलं आणलं?"

"ह्येच्याच घाण्याचं," तो हात न थांबवता म्हणतो. "चाखून बघ."

ती त्याच्या मनगटावरचा ओघळ बोटावर घेते आणि बोट जिभेवर ठेवते. मग पदर खोचून खाली बसते आणि बुंध्याभोवतीची साखळी सोडायला लागते.